वेदीला गेलेला तडा

ज्याने आयुष्यभर दगडाचं काम केलं त्याला दगडाची भीती वाटत नाही. सिताराम मिस्त्रीलाही वाटत नव्हती. त्या शनिवारी भर दुपारी तो थापी, छिन्नी, हातोडी आणि पांढऱ्या सिमेंटची अर्धी पिशवी घेऊन निघाला तेव्हा त्याच्या मनात फक्त राग होता, तोही स्वतःवरच. एकाच सांध्याला तिसऱ्यांदा तडा गेला होता.

सकाळी चर्चमधून फादर इनासचा फोन आला होता.

"काका, परत तडा गेलाय वेदीला. या वेळी रुंद आहे. संध्याकाळी सातला ईस्टरची मोठी प्रार्थना आहे, आठशे माणूस येईल. आजच्या दिवशी वेदीवर कापडही नसतं हो, सगळ्यांना दिसेल. तेवढं बघून जाता?"

"बघतो," सिताराम म्हणाला, आणि फोन ठेवला.

नेरूळ गावचा हा आगरी माणूस. वय सत्तर. शाळा चौथीपर्यंत. पण त्याने ओळंबा धरला की इंजिनियर गप्प बसायचे. बापाची भातशेती शहरात गेली, आणि ज्या शहराने शेत घेतलं त्याच शहराच्या भिंती बांधून त्याने पोट भरलं. दोन मुलगे शिकले, ऐरोलीला कंपनीत लागले. त्याच्या कामाला कोणी कधी नाव ठेवलं नव्हतं. तशी कोणाची टाप नव्हती.

दारात रखमा उभी होती. त्याची बायको.

"चर्चला चाललात का?"

"हां."

"मी येऊ?"

"तुझं काय काम हाय तिथं?"

"काम काय नाय. यावंसं वाटतं."

त्याने पिशवी उचलली. चपला घातल्या आणि उन्हात उतरला.

रखमाचं वर्षभर हे असंच चाललं होतं. सहासष्टाव्या वर्षी तिच्या चोळीचा पुढचा भाग ओला व्हायचा. रोज नाही. वारा तिकडून असला आणि चर्चची घंटा ऐकू आली की. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या. रिपोर्ट चांगले आले. "आजी, टेन्शन घेऊ नका," म्हणाल्या. रखमाने टेन्शन घेतलंच नव्हतं. तिने फक्त एकच विचारलं होतं, तेही डॉक्टरीणबाईंना नाही. घरी आल्यावर, भाकरी थापता थापता, सितारामला.

"दूध कुनासाठी येतं?"

तो जेवण अर्धं टाकून उठला होता.

*

नवीन चर्च सीवूड्सच्या बाजूला. वर्ष झालं उघडून. काचा मोठ्या, छत उंच, बाहेर गाड्यांना जागा. दुपारी दोनला आत चिटपाखरू नव्हतं. पंखे बंद. भिंतींपाशी संतांच्या मूर्ती होत्या, पण प्रत्येक मूर्तीवर डोक्यापासून पायांपर्यंत जांभळं कापड टाकलेलं. दुखवट्याचे दिवस म्हणून झाकून ठेवतात. कापडाखाली कोण आहे ते कळत नाही. नुसते खांदे दिसतात.

दार उघडलं सत्यभामाने. ही चर्चची झाडलोट करायची, किल्ल्या सांभाळायची. नगरकडची ख्रिस्ती बाई, पन्नाशीची, तोंडाने फटकळ.

"या मिस्त्री. म्हटलं, तुमच्या कामाला गॅरंटी असते ना?"

"गॅरंटी दुकानवाले देतात. मी शब्द देतो."

"मग शब्द जरा जाड लावा या वेळेला. तीनदा उकललाय."

दुसऱ्या कोणी असं बोललं असतं तर तो पिशवी उचलून परत गेला असता. पण ती बोलत होती ते खरं होतं. तो निमूट पुढे चालत गेला.

समोर वेदी. काळ्या दगडाची, माणसाच्या कमरेएवढी उंच. एरवी तिच्यावर पांढरं वस्त्र, मेणबत्त्या, फुलं. आज काहीच नव्हतं. वाणी उठून गेल्यावर दुकानाची फळी दिसते तशी उघडी. तिच्यामागे भिंतीत पितळी दाराची छोटी पेटी होती. त्यात ख्रिस्ती लोक त्यांची पवित्र भाकर ठेवतात, आणि ती आत आहे तोवर बाजूला एक लाल दिवा रात्रंदिवस जळतो. आज पेटीचं दार सताड उघडं होतं. आत पोकळी. दिवा विझलेला.

"हे असं का?" त्याने विचारलं.

"शुक्रवारी येशू मेला. उद्या उठणार. मधला दिवस देव घरात नसतो," सत्यभामा म्हणाली. "वर्षातला एकच दिवस. दरवर्षी आजच्या दिवशी मी निवांत झाडते. बाकावर टेकते, चहासुद्धा पिते."

"मग आज?"

तिने झाडू बाकाला टेकवला. आवाज खाली आणला.

"आज सकाळी अर्ध्यातनं बाहेर आले."

"देव नाही म्हणून?"

"नाही... कोणीतरी आहे म्हणून."

सिताराम हसला नाही. कोणीही हसलं असतं, पण तो हसला नाही.

"तुम्हाला एक सांगते मिस्त्री, बाहेर बोलू नका. वर्ष झालं, या चर्चमध्ये तान्हं पोर रडत नाही. एकही. बायका हौसेनं सांगतात एकमेकींना. फादर म्हणतात, आशीर्वाद आहे. पण मी मागं उभी असते ना, मला दिसतं. आयांच्या खांद्यावरची सगळी पोरं मान वळवून एकाच जागेकडं बघतात. वेदीच्या खालच्या अंगाला. जिथं तुम्ही सिमेंट भरता तिथं."

तेवढ्यात बाजूच्या दारातून फादर इनास आले. वसईकडचे, चाळिशीचे, हसऱ्या चेहऱ्याचे. त्यांनी वाकून तडा दाखवला. वेदीच्या पुढच्या अंगाला, दगडात एक वीतभर लांब चौकोनी झाकण बसवलं होतं. त्या झाकणाच्या चारही बाजूंनी सांधा फुटला होता. करंगळी जाईल एवढा.

"पाया तर खचत नाहीये ना, काका?"

"पाया माझा नाही खचत."

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

सिताराम झाकणाकडे बघत होता. त्याच्या घशात एक प्रश्न वर्षभर अडकला होता. आज तो बाहेर आला.

"फादर, एक विचारू? आज देव घरात नाही म्हणता. मग आज ही जागा काय? हॉल?"

"नाही, नाही." फादर पायरीवर बसले. त्यांना असे प्रश्न आवडायचे. "बिशपनी भिंतींना तेल लावलं, वेदीला तेल लावलं, तेव्हा ही जागा देवाच्या नावची झाली. ते तेल काही उतरत नाही. लोक एका मनाने इथे उभे राहतात, त्यानेही जागा पवित्र होते. पण सगळ्यात जुनी रीत वेगळी आहे. पहिल्या काळात ख्रिस्ती लोकांना लपून प्रार्थना करावी लागायची. ज्यांना धर्मासाठी मारलं त्यांच्या थडग्यांवरच ते प्रार्थना करायचे. म्हणून अजून वेदीच्या दगडात हुतात्म्याचं हाड ठेवतात. या झाकणाच्या आत आहे ते. खरं बघितलं तर प्रत्येक वेदी हे कोणाचं तरी थडगं असतं, काका."

"आणि हाड भलत्याचंच असलं तर?"

फादर हसले. "तर मग वर्षभर आपण कोणाच्या थडग्यावर प्रार्थना केली, ते त्यालाच विचारावं लागेल."

ते उठले. आज रात्री बाप्तिस्मा घेणाऱ्या लोकांची तयारी बाजूच्या खोलीत चालू होती, तिकडे गेले. जाताना म्हणाले, "दार ओढून घेतो. धूळ बाहेर नको."

सत्यभामा त्यांच्याही आधी बाहेर पडली होती.

*

आता सिताराम मिस्त्रीने काय केलं होतं ते सांगायला हवं.

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी रखमाला पहिली मुलगी झाली. आठव्या दिवशी गेली. बारसं व्हायचं होतं, नाव ठेवलं नव्हतं. तान्ह्या पोराला जाळत नाहीत. सिताराम आणि त्याचा बाप तिला फडक्यात गुंडाळून खाडीवर घेऊन गेले आणि उंडीच्या झाडाखाली पुरून आले. बायकांनी तिकडे जायचं नाही अशी रीत. रखमाने विचारलं, कुठं ठेवली? तो म्हणाला, झालं ते झालं. तिने महिनाभराने विचारलं. वर्षाने विचारलं. दुसरा मुलगा झाल्यावर विचारलं. त्याने सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? बाई रोज तिथे जाऊन बसली असती.

मग खाडीकाठी मुरूम पडला, प्लॉट पडले. नेमक्या त्याच जागी एक छोटं प्रार्थनाघर बांधायला निघालं आणि काम मिळालं सितारामला. त्याने कोणाला न सांगता पायाची रेघ दीड हात सरकवली. वेदीचा दगड बरोबर पोरीवर येईल अशी. तिच्यावरून गटार जायला नको, मोरी यायला नको. बाप म्हणून त्याने एवढंच केलं, आणि त्याला वाटलं, एवढं पुरे.

चाळीस वर्षं पुरलं.

गेल्या वर्षी ते जुनं प्रार्थनाघर पाडायचं ठरलं. तिथे इमारत येणार होती. वेदीचा दगड तेवढा नव्या चर्चमध्ये न्यायचा होता. फादर म्हणाले, ज्याने बसवला त्यानेच काढावा. सितारामने सगळ्यांना बाहेर काढलं. तो कामाच्या वेळी कोणाला उभं राहू देत नसे. झाकण उघडलं, आत काडेपेटीएवढी चांदीची डबी होती, वर लाल लाखेचा ठसा. त्याने ती उचलली. आणि मनगट दगा देऊन गेलं. वयाचा दोष. डबी फुटक्या चौथऱ्यावर आपटली, उघडली, आणि आतला तांदळाच्या कणीएवढा तुकडा खालच्या राडारोड्यात गेला.

दोन तास त्याने माती चाळली. नाही सापडला.

बाहेर टेम्पो उभा होता. फादर आणि चार माणसं दारात वाट बघत होती. 'माझ्या हातून चूक झाली.' चार शब्द. ते त्याने जन्मात कधी उच्चारले नव्हते. जीभ वळेना.

डबी रिकामी बंद करून दिली असती तरी कोणाला कळलं नसतं. पण त्याला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीने एक नियम दिला होता. रिकाम्या पोकळीवर कधी दगड बसवायचा नाही. चार दाणे तांदूळ टाक, हळकुंड टाक, काहीतरी टाक. पोकळी रिकामी ठेवलीस तर तिथे काहीही येऊन बसतं. सितारामने आयुष्यात एकही पोकळी रिकामी बुजवली नव्हती.

दगडाखाली काय आहे ते त्याला ठाऊक होतं. त्याने कोपरापर्यंत हात घातला. खारा चिखल होता, गार. बोटांना लागलं. नखाएवढं. त्याने ते धोतराला पुसलं, डबीत ठेवलं, लायटरने लाख वितळवून ठसा परत चिकटवला. हाडाच्या जागी हाड. त्यात काय मोठंसं?

पुढच्या आठवड्यात मशीन आलं आणि खालची सगळी माती उपसून घेऊन गेलं. पोरीचं म्हणून जगात जे काही उरलं होतं ते आता त्या डबीत होतं. आणि बिशप येऊन त्या दगडाला तेल लावून गेले.

*

दार बंद झालं तशी बाहेरची वर्दळ तुटली. उन्हाच्या तिरिपा काचांतून येत होत्या, पण जमिनीपर्यंत पोचत नव्हत्या. सिताराम वेदीपुढे बैठक मारून बसला. चष्मा लावला. तड्यावरून बोट फिरवलं.

दगड खचला की तडा खालच्या अंगाला रुंद असतो. तापला की सरळ जातो, केसासारखा. हा तडा तसा नव्हता. सिमेंटच्या कडा बाहेर आलेल्या होत्या. ओठ पुढे काढावेत तशा. हे झाकण बाहेरून फुटलं नव्हतं. आतून ढकललं होतं.

त्याने मान खाली घातली आणि छिन्नी हातात घेतली.

पहिला घाव घातला आणि थांबला. वास आला होता. आधी खाडीचा, ओहोटीला चिखल उघडा पडतो तसा. आणि त्याच्या मागोमाग दुसरा. गोडसर, आंबूस. अंगावर पिणाऱ्या पोराच्या मानेला येतो तो. चव्वेचाळीस वर्षांत त्याने तो दोन मुलग्यांच्या आणि तीन नातवंडांच्या मानेला घेतला होता. चुकायचं कारण नव्हतं.

तो थांबला तसा आवाज ऐकू आला. खूप बारीक. दगडाच्या आत, झाकणाच्या पलीकडे. चुट्... चुट्... मग थोडा वेळ काहीच नाही. मग परत. चुट्... चुट्...

झोपेत अंगठा चोखावा तसा.

जांभळ्या कापडाखालचे खांदे हलत नव्हते. पितळी पेटीचं दार उघडंच होतं. फादर म्हणाले होते, देव घरात नाही. सिताराम स्वतः आगरी, त्याचा देव वेगळा, एकवीरा. पण त्या क्षणी त्याला वाटलं, कोणाचाही का असेना, एखादा देव इथे हवा होता.

त्याने उरलेला सांधा फोडला. झाकण काढायला त्याला जोर लावावा लागला नाही. ते आपणहून त्याच्या तळहातावर आलं. कोणीतरी आतून दिल्यासारखं.

आवाज थांबला.

चांदीची डबी फुटली होती. अंडं फुटतं तशी. तिच्या दोन शिंपा बाजूला पडल्या होत्या. आणि ती पोकळी, जी त्याने स्वतः वीतभर लांब आणि वीतभर खोल कोरली होती, काठोकाठ भरली होती. पांढरी, स्वच्छ, बारीक हाडं. त्याने एक ठेवलं होतं. ही मोजता येत नव्हती. दाटीवाटीने, नीट रचलेली, गुडघे पोटाशी घेऊन निजावं तशी. आणि सगळ्यात वर, उघड्या बाजूला, एक हात होता. पाची बोटं. झाकणाला टेकवलेली.

दगडाचं काम करणारा माणूस माप डोळ्याने घेतो. आठ दिवसांच्या पोराचा तो हात नव्हता. मोठा होता. वर्षाच्या पोराचा असतो तेवढा.

*

फादर इनास आले तेव्हा सिताराम तिथेच बसलेला होता. त्याने वळून बघितलं नाही.

"फादर, माझ्या हातून चूक झाली," तो म्हणाला.

आणि सगळं सांगितलं. उंडीचं झाड, दीड हात सरकवलेली रेघ, पडलेली डबी. एक शब्द गाळला नाही, एक शब्द वाढवला नाही. फादर ऐकत होते आणि पोकळीत बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू कधी गेलं ते त्यांनाही कळलं नसेल. त्यांनी हात छातीशी नेला, खाली आणला, परत नेला.

"नाव काय होतं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"ठेवलंच नव्हतं."

बाजूच्या खोलीतून बाप्तिस्म्याच्या लोकांचा आवाज येत होता. कोणीतरी हसलं.

"आज रात्री मी लाकडी टेबलावर प्रार्थना करीन," फादर हळू म्हणाले. "बिशपना सांगावं लागेल. लोकांनाही. जागेला खोटं चालत नाही, काका."

"माझं नाव घेऊन सांगा. तडा गेला म्हणून लोक दगडाला नावं ठेवतील. दगड चांगला हाय."

"आणि हिला..." फादरनी कपाटातून पांढरं, इस्त्री केलेलं वस्त्र आणलं. "हिला घरी न्या. हिच्या आईला सांगा. मग तुमच्या रीतीने पुरा. मी येईन, बोलावलंत तर."

सितारामने एक एक हाड उचलून वस्त्रात ठेवलं. हात सगळ्यात शेवटी. तो उचलताना बोटं त्याच्या अंगठ्याभोवती वळली, असं त्याला वाटलं. पण त्याने ते फादरना सांगितलं नाही. वाटण्याच्या गोष्टी सांगायच्या नसतात.

घरी रखमा ओट्यावर बसली होती. चोळी ओली. त्याने गाठोडं तिच्या मांडीवर ठेवलं आणि उभ्या उभ्या सांगितलं. त्याला वाटलं, ती छाती पिटेल. शिव्या घालेल. घालायलाच हव्या होत्या. तिने वस्त्राची एक कड उघडून आत बघितलं आणि परत झाकलं.

"वाढली," ती म्हणाली.

"उद्या सकाळी खाडीवर नेऊ. फादर पन येतील."

रखमाने मान हलवली. हो की नाही ते त्याला कळलं नाही.

पहाटे जाग आली तेव्हा तिची जागा रिकामी होती. गाठोडंही नव्हतं. ती आली उन्हं वर आल्यावर. गुडघ्यापर्यंत चिखल, नखांत चिखल. मोरीवर बसून तिने पाय धुतले.

"कुठं ठेवलीस?" त्याने विचारलं.

तिने पदराला हात पुसले.

"च्या ठेवू?" ती म्हणाली.

त्याने महिनाभर रोज विचारलं. खाडीकाठ पालथा घातला. तिवरांच्या झाडीत शिरला, कुठे माती उकरलेली दिसते का बघितलं. ती काही बोलली नाही. तिच्यावर ओरडायला त्याच्याकडे तोंड नव्हतं.

चर्चमध्ये दुसरा दगड बसला. तो सितारामनेच बसवला, मजुरी न घेता. लोकांना सगळं कळलं होतं. काही जण त्याच्याशी बोलेनासे झाले. तो मान वर करूनच चालायचा. सांध्याला तडा गेला नाही. आणि सत्यभामाने सांगितलं की आता प्रार्थनेत पोरं रडतात, चांगली किंचाळतात, फादरना काही बोलू देत नाहीत. हे सांगताना तिला बरं वाटत होतं.

"पण एक होतंय मिस्त्री," ती म्हणाली. मासळी बाजारात भेटली होती. "आमच्यातल्या बायका सकाळी खाडीकडं फिरायला जातात. तिथं वाटेवर एका जागी आल्या की थांबतात. गुडघा टेकतात, क्रूस करतात, आणि पुढं चालायला लागतात. चर्चमध्ये वेदीपुढं टेकतो ना, तसा. विचारलं तर म्हणतात, कुठं? आम्ही कुठं टेकला? मी हसले त्यांना. आणि मग घरी आले तर माझ्याच साडीला गुडघ्यावर माती."

"कुठल्या जागी?"

तिने सांगितलं. सिताराम बघून आला. तिथे काही नव्हतं. पायवाट, दोन्ही बाजूंना गवत.

आठ दिवसांनी ती जागा तिथे राहिली नव्हती. बायका आता पाम बीच रस्त्याच्या अलीकडे टेकत होत्या, सिग्नलच्या खांबापाशी. एकदा फादर इनासनी स्कूटर मधेच थांबवली, खाली उतरले, भर रस्त्यात गुडघा टेकला आणि मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकून भानावर आले. मग शाळेच्या भिंतीपाशी. मग देवळाच्या मागच्या वळणावर. सितारामने पावलांनी मोजलं. रोजचं अंतर सारखं नव्हतं. कधी अकरा पावलं, कधी वीस. कधी दोन दिवस एकाच जागी. पण दिशा एकच होती.

ते अंतर कशाचं आहे हे तीन नातवंडं वाढवलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. नुकतं उभं राहायला लागलेलं पोर एका दिवसात जेवढं चालतं तेवढं.

काल सितारामच्या गल्लीच्या तोंडाशी, सार्वजनिक नळापाशी, एक अनोळखी ख्रिस्ती मुलगी कॉलेजला जाताना थांबली आणि खाली वाकली. तिच्या कानात गाणं चालू होतं. ते तिने काढलंही नाही.

आज संध्याकाळी दिवेलागणीला रखमा दारात आली. अंघोळ केलेली, नवी साडी नेसलेली. सिताराम बाहेर ओट्यावर बसला होता. तिने त्याच्यापुढे त्याची छिन्नी आणि हातोडी आणून ठेवली.

"उंबरा उंच हाय," ती म्हणाली. "जरा तासून द्या. पाय अडकंल."

कोणाचा, ते त्याने विचारलं नाही. उंबऱ्याला तोंड करून उकिडवा बसला, दगडावर बोटाने रेघ ओढली.

"किती तासू?"

रखमा उंबऱ्याच्या आत खाली बसली होती. दोन्ही हात पुढे पसरले होते, आणि त्याच्या खांद्यावरून पलीकडे, गल्लीत, जमिनीपासून थोड्या उंचीवर कुठेतरी बघत होती.

"ये..." ती म्हणाली. "हळू... ये..."

सितारामची पाठ गल्लीकडे होती. त्याने ती तशीच ठेवली.